हायड्रोपोनिक बादल्यांच्या जोडांतील गळती: शोध, दुरुस्ती आणि चाचणी

घरगुती हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना पोषकद्रावणात झाडे वाढवण्याच्या, व्यवस्थेत साधारण १५ ते २० लिटरच्या बादल्या तळाशी नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि पोषकद्रावण त्या सर्वांमधून फिरत राहते. सहा बादल्यांची रांग उभी करायची म्हटली, तरी बादल्यांच्या भिंतींना दहा-बारा भोके पाडावी लागतात, आणि ही सगळी भोके पाण्याच्या पातळीखाली असतात. म्हणून या व्यवस्थेत सर्वांत जास्त तक्रारी पंपाच्या किंवा दिव्यांच्या नसतात, तर जोडांच्या असतात. जोड गळू लागला की बहुतेक जण नट आणखी आवळतात, आणि तरीही पाणी थांबले नाही तर बाहेरून सिलिकॉन फासतात. या दोन्ही उपायांनी बहुतेक वेळा गळती थांबत नाही, उलट पुढची दुरुस्ती अवघड होते. जोडाला पाणी अडवायला लावते ते त्यातले रबर. ते नीट बसले आहे की नाही, हे पाहणे हीच या कामाची खरी सुरुवात आहे.

गळती किरकोळ वाटली तरी तिच्याकडे काणाडोळा करू नये. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर सेकंदाला एक थेंब या वेगाने दिवसाला चार लिटरांहून अधिक द्रावण जमिनीवर जाते. ज्यांच्या व्यवस्थेत फ्लोट व्हॉल्व्ह बसवलेला आहे, त्यांना तर हे लवकर कळतही नाही, कारण जेवढे द्रावण गळते तेवढे साधे पाणी आपोआप भरले जाते आणि पातळी जागच्या जागी दिसते. द्रावण मात्र दिवसेंदिवस पातळ होत जाते. झाडांच्या खाण्यात काही बदल झालेला नसताना ईसीचा (द्रावणात किती क्षार विरघळले आहेत ते दाखवणारा) आकडा रोज थोडा थोडा उतरत असेल, तर खत वाढवण्याआधी बादल्यांच्या बुडाशी हात फिरवून पाहावा.

ही गळतीच आहे ना?

बादलीखाली ओल दिसली म्हणजे जोड गळतो आहे, असे लगेच ठरवू नये. द्रावण खोलीतील हवेपेक्षा थंड असेल, तर बादलीच्या बाहेरच्या अंगावर दव धरते आणि ते ओघळून तळाशी साचते. झाकण नीट बसलेले नसेल, तर एअर स्टोनच्या (द्रावणात हवा सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाच्या) बुडबुड्यांनी उडणारे तुषार काठावरून बाहेर येतात. एखादे मूळ झाकणाच्या फटीतून बाहेर डोकावत असेल, तर वातीसारखे पाणी ओढून थेंब थेंब खाली सोडते. परतीच्या नळीत मुळे शिरून ती तुंबली असेल, तर एक बादली काठोकाठ भरून वरून वाहते आणि दोष मात्र खालच्या जोडावर येतो. आणखी एक कारण हमखास विसरले जाते: एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवलेला असेल आणि वीज गेली, तर हवेच्या बारीक नळीतून पाणी उलटे वाहू लागते व पंपातून बाहेर येते. त्या नळीत एकदिशा झडप बसवणे किंवा पंप पातळीच्या वर ठेवणे, हा त्यावरचा उपाय आहे. तेथे जोडाला हात लावण्याची गरजच नाही.

दव आणि गळती यांतला फरक ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे मागे राहिलेला डाग. दव वाळले की काही उरत नाही. पोषकद्रावण वाळले की क्षारांचा पांढुरका, बोटाला खरखरीत लागणारा थर राहतो. जुन्या गळतीत हा थर नटाच्या कडेने कड्यासारखा जमलेला असतो आणि ज्या बाजूने पाणी ओघळते तिकडे त्याची शेपटी गेलेली दिसते. ओल ताजी असेल आणि डाग पडलेला नसेल, तर थोडे पाणी ड्रॉपरने गोळा करून त्यात ईसी मीटर धरावा. आकडा शून्याच्या जवळ आला तर दव, आणि बादलीतल्या द्रावणाच्या आसपास आला तर गळती.

त्यानंतर नेमकी जागा शोधावी. संशयित जोड आणि त्याच्या आजूबाजूची भिंत कापडाने पूर्ण कोरडी करावी, जोडाभोवती टिश्यू पेपरची घट्ट गुंडाळी करावी आणि अर्धा तास थांबावे. कागद प्रथम कोठे भिजतो ते पाहावे: बादलीची भिंत आणि नट यांच्या मध्ये, नट आणि त्याच्या आट्यांच्या मध्ये, की नळी जेथे जोडावर चढवली आहे तेथे. या तिन्ही गळत्यांचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून हा अर्धा तास वाचवू नये. पाणी नळीच्या पोटाखालून सरकत सर्वांत खालच्या ठिकाणी ठिबकते, तेव्हा थेंब पडतो ती जागा आणि पाणी निघते ती जागा एक असेलच असे नाही. थेंबापासून वर वर शोध घ्यावा.

जोरापेक्षा बैठक महत्त्वाची का?

बादलीतील पाण्याची उंची ३० सेंटिमीटर असेल, तर तळाच्या जोडावर पडणारा दाब सुमारे ३ किलोपास्कल असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अवघा तीन टक्के. एवढ्या कमी दाबाला अडवण्यासाठी स्वच्छ व सपाट पृष्ठभागावर हलकेच दाबलेले मऊ रबर पुरेसे असते. तरीही जोड गळत असेल, तर रबराखाली काहीतरी अडकलेले आहे, रबर तिरके बसले आहे, ते कडक झाले आहे किंवा भोकच चुकीच्या मापाचे आहे. यांपैकी कोणताही दोष पाना फिरवून जात नाही. उलट जास्त आवळल्याने गॅस्केट, म्हणजे जोडातली रबरी चकती, कडेने बाहेर फुगते, बादलीची पातळ भिंत नटाभोवती लाटेसारखी वाकते आणि जेथे आधी दोन थेंब येत होते तेथे धार लागते.

माझ्याकडच्या एका बादलीचा जोड तीनदा आवळूनही पाझरत राहिला होता. शेवटी तो उघडला, तेव्हा काळ्या गॅस्केटवर नखाच्या कोरीएवढा एक वाकडा ठसा उमटलेला दिसला. भोक पाडताना सुटलेला प्लॅस्टिकचा केसासारखा धागा रबराखाली दबून राहिला होता आणि पाणी त्याच्या कडेने वाट काढत होते. धागा काढला, कड घासली, तेच गॅस्केट उलटे करून बसवले आणि नट केवळ हाताने फिरवला. त्या जोडाला पुन्हा कधी हात लावावा लागला नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

सर्वप्रथम पंप, एअर पंप आणि दिवे यांचे प्लग काढून ठेवावेत. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण या कामात हात आणि जमीन दोन्ही ओले राहतात. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पडलेला असेल तर तो उचलून भिंतीवर टांगावा, आणि पुढे कायमची सवय म्हणून प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी थोडी खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोळातून खाली पडेल आणि सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही.

झाड सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था दुरुस्तीच्या सामानाइतकीच महत्त्वाची आहे. एक न गळणारी, प्रकाश आत न जाऊ देणारी रिकामी बादली जवळ ठेवावी, तीत त्याच व्यवस्थेतील द्रावण भरावे आणि एअर स्टोन सोडून तो एअर पंप दूरच्या कोरड्या सॉकेटवर चालवावा. झाड झाकणासकट उचलून त्यात ठेवले, तर ते दिवसभरही सुखरूप राहते, त्यामुळे घाई करावी लागत नाही. झाकण उचलताना मुळे शेजारच्या नळीत शिरलेली आढळली, तर ओढू नयेत. नळी सोडवून मुळे हळूच मागे घ्यावीत, आणि अगदीच गुंतलेली असतील तर धारदार कात्रीने टोके कापावीत. दुसरी बादली नसेल, तर मुळांभोवती द्रावणात भिजवलेले कापड गुंडाळून झाड सावलीत ठेवता येते; परंतु हा उपाय थोड्या वेळापुरताच आहे आणि कापड सतत ओले ठेवावे लागते.

जोड उघडल्यावर काय पाहावे?

घरगुती बादल्यांत तीन प्रकारचे जोड आढळतात. सर्वांत स्वस्त प्रकार रबरी ग्रोमेटचा. भोकात खाच असलेली रबरी कडी बसवतात आणि तिच्यातून दातेरी एल्बो (काटकोनात वळलेला जोडतुकडा) दाबून घालतात. दुसरा प्रकार टँक निपलचा, म्हणजे रुंद कॉलर, गॅस्केट आणि नट असलेला, पाण्याच्या टाकीला वापरतात तसा जोड. तिसऱ्या प्रकारात जाड, निमुळते रबरी सील भोकात बसवून त्यातून थेट कडक पाइप घालतात.

ग्रोमेटचा कमकुवतपणा असा की तो आडवा ताण सहन करत नाही. नळी एका बाजूला ओढली गेली की एल्बो कलतो, रबराचे गोल भोक लंबगोल होते आणि ताणाच्या उलट बाजूला फट पडते. बोटाने एल्बो हलकेच सरळ केल्यावर ठिबकणे थांबत असेल, तर ग्रोमेट बदलून काही साधणार नाही. नळीचा ताण काढावा लागेल. ग्रोमेट काढून दोन बोटांत चिमटावा: चांगले रबर लगेच मूळ आकारात येते, जुने रबर दबलेलेच राहते किंवा त्यावर बारीक भेगा दिसतात. असा ग्रोमेट टाकून द्यावा. नवा घेताना भोकाच्या व्यासाबरोबरच त्याच्या खाचेची रुंदीही पाहावी. बादलीची भिंत साधारण २ मिलिमीटर जाडीची असते, आणि खाच त्याहून बरीच रुंद असेल तर ग्रोमेट भोकात सैल राहतो.

टँक निपलमध्ये सर्वांत जास्त चूक गॅस्केटच्या जागेबाबत होते. कॉलर बादलीच्या आत, नट बाहेर आणि गॅस्केट आतल्या बाजूला, कॉलर व भिंत यांच्या मध्ये, हा योग्य क्रम आहे. गॅस्केट नटाच्या बाजूला घातले, तर पाणी भोकातून आट्यांपर्यंत पोहोचते आणि आट्यांच्या नागमोडी वाटेने नटाच्या तोंडाशी बाहेर येते. मग कितीही आवळले तरी ती वाट बंद होत नाही. टिश्यू नट आणि आटे यांच्या मध्ये भिजला असेल, तर गॅस्केट याच चुकीच्या जागी असण्याची शक्यता फार मोठी आहे. दुसरी गोष्ट, काही टँक निपलचे नट उलट आट्यांचे असतात. नट सैल करू पाहताना तो घट्ट होत असेल, तर जोर लावण्याआधी आट्यांचा उतार कोणत्या बाजूला आहे ते पाहावे.

टेफ्लॉन टेप या नटाच्या आट्यांवर लावू नये. तेथे पाणी अडवण्याचे काम गॅस्केटचे आहे आणि टेपमुळे नट नुसता तिरका बसतो. टेपची जागा आहे ती निपलमध्ये पुढे फिरवल्या जाणाऱ्या निमुळत्या आट्यांच्या पाइपवर. तेथेही एक खाचखळगा आहे: ब्रिटिश आणि अमेरिकन या दोन मापपद्धतींत अर्धा इंची आणि पाऊण इंची जोडांना इंचाला १४ आटेच असतात, त्यामुळे ते एकमेकांत फिरतात आणि बसल्यासारखे वाटतात, परंतु आट्यांचा कोन एकात ५५ अंश आणि दुसऱ्यात ६० अंश असल्याने मध्ये सूक्ष्म वाट राहते. म्हणून निपल आणि त्यात बसणारा तुकडा एकाच मापपद्धतीचा घ्यावा.

निमुळत्या सीलबाबत एवढेच सांगावेसे वाटते की त्यातून पाइप एकदा बाहेर ओढला की आतली कड अनेकदा दुमडते किंवा फाटते, म्हणून पाइप काढला असेल तर सीलही नवे घालावे. पाइपच्या टोकाची बाहेरची धार कानशीने उतरती करावी, टोकाला साबणाचे पाणी लावावे आणि सीलच्या रुंद बाजूकडून पाइप सरळ रेषेत दाबावा.

भोक आणि भिंत दुरुस्त करणे

जोड काढल्यावर भोकाच्या कडेवरून आतून आणि बाहेरून बोट फिरवावे. खरखर लागली, तर धारदार पात्याने उभे राहिलेले धागे कापावेत आणि बारीक पॉलिश पेपरने कड हलकी घासावी. भोक मोठे होणार नाही याची काळजी घ्यावी. गॅस्केट टेकते तो पट्टा विशेष बारकाईने पाहावा: तेथे ओरखडा असेल, साच्याची उभी रेघ आली असेल किंवा क्षारांचा थर असेल, तर पाणी त्याच वाटेने जाते. क्षार ओल्या कापडाने आणि पातळ व्हिनेगरने निघतात. नंतर साध्या पाण्याने धुऊन भिंत कोरडी करावी.

भोकाची जागाच चुकली असेल, तर दुरुस्ती टिकत नाही. बादलीचा तळ जेथे गोलाई घेऊन भिंतीला मिळतो, त्या वळणावर कॉलरची कड चढलेली असेल, तर गॅस्केटचा एक भाग दाबला जातो आणि दुसरा अधांतरी राहतो. अशा वेळी नवीन बादली घ्यावी आणि निपलची कॉलर प्रत्यक्ष भिंतीवर धरून, ती वळणापासून निदान एक सेंटिमीटर वर राहील अशी खूण करावी. भोक होल सॉने (ड्रिल मशीनला लावायच्या गोल करवतीने) पाडावे, मशीन मंद गतीने चालवावे आणि बादलीच्या आत लाकडाचा ठोकळा टेकवावा, म्हणजे कड फाटत नाही. होल सॉचे माप जोडाच्या पाकिटावर दिलेल्या आकड्यानुसार घ्यावे. अर्धा इंची निपल म्हणजे अर्ध्या इंचाचे भोक नव्हे. ते माप आतून पाणी वाहण्याच्या मार्गाचे असते आणि भोक त्याहून बरेच मोठे लागते.

भोक थोडे मोठे झाले असेल, तर एक माप मोठा टँक निपल बसवून बादली वाचवता येते. भोकापासून निघालेली तडा दिसत असेल, तर मात्र ती बादली द्रावणासाठी वापरू नये. भरलेल्या बादलीच्या भाराखाली तडा वाढत जाते, आणि ती रात्रीतून उघडली तर जोडलेल्या सर्व बादल्या रिकाम्या होतात.

सिलिकॉनविषयी

अशा बादल्या बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या प्लॅस्टिकच्या असतात. बुडाशी त्रिकोणात ५ किंवा २ हा आकडा असतो. या दोन्ही प्लॅस्टिकना सिलिकॉन खरे तर चिकटतच नाही. ते वाळून सालीसारखे वर बसते आणि बादली भरून किंचित फुगली की एका कडेने सुटते. पीव्हीसीचे सोल्यूशन तर येथे अजिबात उपयोगाचे नाही, कारण ते या प्लॅस्टिकला विरघळवतच नाही. त्यातून, बाहेरून फासलेल्या सिलिकॉनमुळे गळतीची जागा झाकली जाते आणि पुढच्या वेळी टिश्यूची चाचणीही करता येत नाही. आधी कोणी ते लावलेले असेल, तर प्लॅस्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडून काढावे. त्याचा उरलेला पातळ पापुद्राही गॅस्केटला नीट टेकू देत नाही.

रबर सहज सरकावे म्हणून व्हॅसलीन किंवा खाद्यतेल लावण्याचा मोह टाळावा. ईपीडीएम हे कृत्रिम रबर आणि नैसर्गिक रबर तेलाने फुगते व सैल पडते. साबणाचे पाणी पुरेसे आहे, आणि ते नंतर धुऊनही जाते.

पुन्हा बसवणे

गॅस्केट, कॉलर आणि भिंत तिन्ही स्वच्छ व कोरडी करून निपल आतून घालावा आणि एका हाताने कॉलर आतून धरून दुसऱ्या हाताने नट फिरवावा. कॉलर नटाबरोबर फिरू देऊ नये, नाहीतर गॅस्केट पिळवटते. नट हाताने घट्ट झाला की पान्याने फार तर पाव फेरा द्यावा. आतून टॉर्च मारून पाहिल्यास गॅस्केटची कड कॉलरभोवती सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका ठिकाणी ती जास्त बाहेर आली असेल, तर सगळे सैल करून पुन्हा बसवावे.

नळी चढवण्यापूर्वी तिचे टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवावे, म्हणजे ती मऊ होऊन दातेरी तोंडावर शेवटपर्यंत जाते. जुन्या नळीचे टोक ताणून सैल झालेले असते, तेव्हा तेवढा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा सरळ कापून टाकावा. त्यावर स्टेनलेस स्टीलचा क्लिप लावावा आणि नळी रुतेपर्यंत तो आवळू नये.

यानंतर ताणाचा विचार करावा, कारण नीट बसवलेले जोडही पुढे बिघडतात ते ताणाने. वीस लिटर द्रावण म्हणजे वीस किलो भार. जमीन असमान असेल तर भरलेली बादली कलते, आणि दोन बादल्यांमध्ये कडक पाइप असेल तर ते सगळे वळण जोडावर येते. बादल्या एकाच सपाट फळीवर ठेवाव्यात, मध्ये निदान एक लवचीक नळीचा तुकडा ठेवावा आणि लांब नळीखाली आधार द्यावा. भरलेली बादली सरकवू नये.

चाचणी

दुरुस्त केलेली बादली साध्या पाण्याने नेहमीच्या पातळीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर जास्त भरावी, जोडाखाली कोरडा कागद पसरावा आणि २४ तास तशीच ठेवावी. पहिल्या तासात कागद कोरडा राहिला म्हणून थांबू नये. प्लॅस्टिक भाराखाली हळूहळू ताणते आणि बारीक पाझर काही तासांनीच दिसतो. याच वेळात नळी दोन्ही बाजूंना किंचित हलवून पाहावी, कारण झाडाची छाटणी करताना किंवा झाकण उघडताना तिला असाच धक्का लागणार आहे.

कागद कोरडा राहिला की पाणी काढून द्रावण भरावे, पीएच ५.५ ते ६.५ च्या दरम्यान आहे हे तपासावे, झाड परत ठेवावे आणि मगच पंप सुरू करावा. पंप सुरू असताना आणि बंद केल्यावर द्रावणाची पातळी वेगवेगळी असते, म्हणून दोन्ही स्थितींत जोड पुन्हा कोरडा करून त्याभोवती टिश्यू गुंडाळावा आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी काढून पाहावा.